भूखंड पाडण्याआधी
अमळनेरला प्रताप मिलने पोसले. 1945 साली इथेच वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्यातून पुढे विप्रो उभी राहिली. अशा गावात औद्योगिक जमिनीचे भूखंड पाडायचा प्रस्ताव नगरपरिषदेने नुसता कागदावर तपासू नये. मालट्रक वळेल एवढा रस्ता आहे का? मोकळी जागा खरोखर वापरता येईल अशी आहे, की अडगळीच्या कोपऱ्यात ढकललेली? मुख्य म्हणजे सांडपाणी जाणार कुठे? ते बोरी नदीत सोडून चालणार नाही; तिच्या पात्रातच संत सखाराम महाराजांची समाधी आहे, वैशाखात तिथे यात्रा भरते. 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे 60 दिवसांत निर्णय कळवला नाही आणि प्रस्ताव नियमांत बसत असेल, तर परवानगी मिळाली असेच धरले जाते. म्हणून मुख्याधिकारी आणि नगरसेवकांनी फाईल लोळत ठेवू नये. नकाशा घेऊन आधी जागेवर जावे.