वेडेवाकडे दात : कुणाकडे जावे?

मुलगी हसताना तोंडावर हात धरते. घरात म्हणतात, "नशिबाने दिले तसे दात." भगिनींनो, यात नशीब नाही आणि यावर उपाय आहे.

दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाला ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात. बी.डी.एस. नंतर त्याने तीन वर्षे याच विषयात एम.डी.एस. केलेले असते. तो तार बसवून दातांवर हलका, सतत दाब देतो. दाबाच्या बाजूचे हाड झिजते, मागे नवे भरते आणि दात हळूहळू सरकतो. म्हणून बहुधा दीड-दोन वर्षे लागतात. चार आठवड्यांत दात सरळ करतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. दाटीतले दात नीट घासले जात नाहीत, किडतात. मूल पडले तर पुढे आलेला दात चटकन तुटतो. सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा दाखवावे. पुष्कळदा तेव्हा नुसती नजर ठेवली तरी पुरते. मोठेपणीही उपचार होतात.

खाजगी खर्च झेपत नसेल तर मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालयात किंवा मुंबई सेंट्रलच्या नायर दंत रुग्णालयात जा. नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथेही शासकीय दंत महाविद्यालये आहेत. खर्च कमी येतो, पण रांग असते आणि साधारण दर महिन्याला फेरी मारावी लागते. डॉक्टरांची पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका.

तार निघाल्यावर सांगितलेला रिटेनर वापरावाच, नाहीतर दात पुन्हा सरकतात. एवढे सांभाळले तर मुलीला हसताना हात लागणार नाही.