परदेशी पार्सलवर ‘टू-पे’चा शिक्का का नाही?

बंगळूर-सेलम मार्गावर बेळ्ळंदूर रोड नावाचे एक लहानसे स्टेशन आहे. ज्या गावाचे नाव त्याला लागले, ते गाव आता शोधावे लागते. शेतांच्या जागी उंच इमारती आल्या, तळ्याला फेस आला, आणि त्या फेसाची छायाचित्रे देशभर छापून आली. नोकरीच्या निमित्ताने चारी दिशांची माणसे तेथे राहायला आली आहेत. त्यांत बेळगाव, खानापूर, मिरज, सोलापूरकडची मराठी कुटुंबेही आहेत. आमच्या रेल्वे कामगारांची शिकलेली मुले तेथील संगणक कंपन्यांत लागली आणि निवृत्तीनंतर आईबाप त्यांच्याकडे जाऊन राहिले. अशा एखाद्या इमारतीच्या फाटकाशी दुपारी घटकाभर उभे राहावे. पार्सल घेऊन येणाऱ्या पोरांची रीघ लागलेली असते आणि त्यांतल्या एखाद्याशी कोणी ना कोणी हुज्जत घालत असतो. परदेशातून आलेल्या डागावर कस्टमची आणि कुरियरची न सांगितलेली आकारणी निघाली, की ही हुज्जत ठरलेली.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त गार्ड तेथे मुलीकडे राहतात. गार्डला हल्ली ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण ते स्वतःला गार्डच म्हणवून घेतात. त्यांच्या जर्मनीतील मुलाने आईसाठी मऊ तळव्याचे बूट पाठवले. आईला मधुमेह आहे. बुटांची किंमत आपल्या पैशांत सव्वातीन हजार. मुलाने खोक्यावर ‘भेटवस्तू’ असे लिहिले आणि निश्चिंत झाला. दारात पोरगा आला तो अडीच हजारांवरची पावती घेऊन. त्यात सरकारी कराखेरीज कंपनीची स्वतःची दोन कलमे होती, एक कर आगाऊ भरल्याबद्दलचे आणि दुसरे हाताळणीचे, आणि त्या दोहोंवर पुन्हा जीएसटी. पेन्शनीत ही रक्कम बसत नव्हती. डाग परत पाठवावा तर मुलाचे पैसे बुडतात, घ्यावा तर महिन्याच्या औषधांना कात्री लागते. शेवटी शेजाऱ्याकडून उसने घेऊन बूट सोडवले.

यात कर किती आणि कंपनीचा आकार किती, हे गृहस्थ चाळीस वर्षे मालाचे कागद हाताळूनही त्या पावतीवरून सांगू शकले नाहीत. म्हणून ही आकारणी कशी होते ते प्रथम पाहू. सीमाशुल्क हे १९६२ च्या कस्टम्स कायद्याखाली लागते. ते नुसत्या वस्तूच्या किमतीवर नसते, वस्तू अधिक वाहतूक अधिक विमा अशा एकूण रकमेवर असते. विम्याचा खर्च कळत नसेल तर किमतीच्या १.१२५ टक्के धरावा, असे २००७ चे मूल्यांकन नियम सांगतात. परकी चलनाचा भावही बाजारातला चालत नाही, कस्टम खात्याने जाहीर केलेला लागतो. त्यानंतर सीमाशुल्क मिळवून जी बेरीज होते, तिच्यावर जीएसटी. म्हणजे करावर कर.

समजा, वस्तू ४,००० रुपयांची, विमानभाडे आणि विमा मिळून १,००० रुपये. सीमाशुल्क शेकडा १० आणि जीएसटी शेकडा १८ धरू. सामान्य माणूस चार हजारांवर अठ्ठावीस टक्के काढतो आणि ११२० रुपये मनाशी ठरवतो. प्रत्यक्षात पाच हजारांवर ५०० रुपये सीमाशुल्क, मग साडेपाच हजारांवर ९९० रुपये जीएसटी, एकूण १४९०. अधिभार असेल तर तो निराळा. आणि येथे सरकारचे देणे संपते. त्यापुढचे सगळे कुरियरचे.

दरांच्या बाबतीत सरकारने अलीकडे हात थोडा सैल केला आहे, हे नोंदवले पाहिजे. वैयक्तिक वापरासाठी आणलेल्या वस्तूंवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि २०२६ च्या अर्थसंकल्पात सीमाशुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली. परंतु कुरियरच्या आकाराला कोणता अर्थसंकल्प लागू होतो? तो कंपनी ठरवते, आणि त्यात बहुधा किमान रक्कम ठरलेली असते. परिणामी लाखाचा माल मागवणाऱ्याला तो जाणवत नाही आणि हजाराची वस्तू मागवणाऱ्याचे कंबरडे मोडते.

‘भेटवस्तू’ या शब्दाबद्दलही खुलासा करणे आवश्यक आहे, कारण आमच्या सभासदांत याविषयी फार गैरसमज आहे. पूर्वी पाच हजार रुपयांपर्यंतची भेट करमुक्त येत असे. काही परदेशी विक्री कंपन्यांनी या सवलतीचा फायदा घेऊन विकलेला माल भेट म्हणून लहान लहान खोक्यांतून पाठवायला सुरुवात केली. तेव्हा १२ डिसेंबर २०१९ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने अधिसूचना काढून टपालाने किंवा कुरियरने येणाऱ्या करमुक्त भेटी बंद केल्या. अपवाद दोनच ठेवले: जीवरक्षक औषधे आणि राखी. भाऊबीजेची ओवाळणी काही त्यांत बसली नाही. लबाडी व्यापाऱ्यांनी केली, सवलत गेली ती बहिणीला साडी आणि आईला बूट पाठवणाऱ्यांची. पूर्ण कर भरून भेट आणता येते, पण हे खोक्यावर ‘गिफ्ट’ लिहिणाऱ्या मुलाला तिकडे कोणी सांगत नाही.

आम्ही सीमाशुल्काच्या विरोधात नाही, हे स्पष्ट करतो. याच बंगळूर शहरात यलहंका येथे रेल्वेचा चाक कारखाना १९८४ साली उभा राहिला तो बाहेरून येणाऱ्या चाकांवरचे आणि आसांवरचे अवलंबन कमी करण्यासाठी. देशी कारखान्यातल्या कामगाराच्या हाताला काम राहावे म्हणून परदेशी मालावर कर असावा, ही कामगार चळवळीची जुनी भूमिका आहे आणि ती सोडण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. प्रश्न आहे तो न सांगता होणाऱ्या वसुलीचा.

रेल्वेच्या पार्सल ऑफिसात आमच्या कित्येक पिढ्यांनी दोन शब्द वापरले: ‘पेड’ आणि ‘टू-पे’. डाग बुक करतानाच ठरायचे, की भाडे पाठवणारा भरणार की घेणारा. टू-पे असेल तर रक्कम बिल्टीवर लिहिलेली असायची. घेणारा स्टेशनवर यायचा तो पैसे मोजून खिशात घालूनच. डाग वेळेत उचलला नाही तर वारफेज किती, तेही नियमाने ठरलेले. बाबूने एक रुपया जास्त मागितला तर बिल्टी दाखवून भांडता येत होते, आणि लोक भांडतही. एवढी साधी सोय शे-दीडशे वर्षांच्या जुन्या खात्याला जमते. आज विमानाने चार दिवसांत युरोपातून खोके आणणाऱ्या, खोके या घटकेला कोणत्या शहरात आहे ते फोनवर दाखवणाऱ्या कंपन्यांना ते का जमू नये?

जमते, याचा दाखला आपल्या टपाल खात्यानेच दिला. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेतली. तिकडे कर कोणी आणि कसा गोळा करायचा याचा उलगडा होईना, म्हणून भारतीय टपालाने २५ ऑगस्टपासूनच तेथील पार्सलांचे बुकिंग थांबवले. त्या वर्षी फराळाचे डबे भरून बसलेल्या महाराष्ट्रातल्या घरांचे जे हाल झाले ते वाचकांना आठवत असतील. चकल्या मऊ पडायला काही वेळ लागत नाही. १५ ऑक्टोबरला, दिवाळी तोंडावर आली असता, सेवा पुन्हा सुरू झाली. तेव्हा जाहीर किमतीच्या ५० टक्के कर आपल्याकडच्या खिडकीवरच भरून घेऊ लागले. ५० टक्के हा दर जुलमी होता यात शंका नाही. तथापि पाठवणाऱ्याला काउंटरवर उभे असतानाच तो कळत होता, डबा पाठवायचा की नाही हे त्याला ठरवता येत होते, आणि तिकडे लेकीच्या दारात पावती येत नव्हती. हीच पद्धत इकडे येणाऱ्या मालाला लावा, एवढीच आमची मागणी आहे.

ज्यांना निवडीचा मार्गच नसतो त्यांची गोष्ट याहून गंभीर. २०२१ साली मुंबईतील एका पाच महिन्यांच्या बालिकेच्या दुर्धर आजारावर सुमारे १६ कोटी रुपयांचे औषध परदेशातून आणायचे होते. लोकांनी वर्गणी केली. त्यावर सुमारे सहा कोटींचा कर निघत होता. पंतप्रधानांपर्यंत पत्र गेले तेव्हा तो माफ झाला. प्रत्येक आईबापाचे पत्र तेथवर कसे पोचणार? पुढे १ एप्रिल २०२३ पासून राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणातील सर्व आजारांच्या, वैयक्तिक वापरासाठी आणलेल्या औषधांवरील मूळ सीमाशुल्क माफ करण्यात आले. त्यासाठी आरोग्यसेवा संचालकांचा अथवा जिल्हा शल्यचिकित्सकांचा दाखला लागतो. मेहेरबानीच्या जागी छापील नियम आला. ज्या सभासदाच्या घरी असा रुग्ण असेल त्याने औषध मागवण्यापूर्वी हा दाखला काढावा, नंतर नव्हे.

या सगळ्या अंधाराचा लाभ चोर घेत आहेत. ‘तुमचे पार्सल कस्टममध्ये अडकले आहे, एवढे पैसे भरा’ असा फोन येतो आणि निवृत्त माणूस आयुष्याची पुंजी गमावून बसतो. खरी मागणीही अशीच अचानक, अशाच तुटक संदेशाने येत असेल तर खऱ्या-खोट्यात फरक कसा करावा? कस्टमचा अधिकारी खासगी खात्यावर पैसे मागत नाही, आणि खात्याच्या पत्रावर पडताळून पाहता येणारा क्रमांक असतो, एवढे घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगून ठेवावे.

कायदे नाहीत असे नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने एकूण किंमत आणि तिच्यातली कलमे आधी दाखवली पाहिजेत, आणि भारतातील ग्राहकांना पद्धतशीर माल विकणाऱ्या परदेशी कंपन्याही त्यांत येतात. किमती थेंबाथेंबाने वाढवत नेण्याला २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अनुचित प्रथा ठरवले आहे. पण विक्रेता म्हणतो कर तुमच्या देशाचा, कुरियर म्हणतो आम्ही फक्त भरला, आणि कस्टम म्हणते कुरियरच्या फीशी आमचा संबंध नाही. तिघांच्या मध्ये घेणारा उभा. कुरियरला कस्टमचे काम करण्याची परवानगी सरकारच देते. त्या परवानगीच्या अटींत फीचे दरपत्रक जाहीर करणे, कर व फी निरनिराळ्या कागदांवर देणे आणि डाग भारताकडे निघण्यापूर्वी घेणाऱ्याला अंदाजी रक्कम कळवणे, या गोष्टी घालायला कोणाची हरकत असावी?

आणि तो दारातला पोरगा. कर त्याने लावला नाही, फी त्याने ठरवली नाही, त्यातला पैसाही त्याला मिळत नाही. शिव्या मात्र त्याला. डागामागे मजुरी असेल तर घेणाऱ्याने नकार दिल्यावर ती खेपही बहुधा वाया जाते. कर्नाटकाने २०२५ साली अॅपवर काम करणाऱ्यांसाठी सामाजिक सुरक्षेचा कायदा केला हे स्वागतार्ह आहे, पण कुरियर कंपनीच्या ठेकेदाराकडे राबणारा पोरगा त्यात बसतो की नाही, यावर वाद घालायला कंपन्यांचे वकील तयारच असतात. दारात रक्कम वसूल करण्याचे काम डिलिव्हरी कामगारांच्या गळ्यात मारू नये, आणि परत गेलेल्या डागाचीही मजुरी त्यांना मिळावी, या दोन मागण्या कामगार संघटनांनीच लावून धरल्या पाहिजेत.

सभासदांनी तूर्त एवढे करावे. कुरियरकडे बिल ऑफ एंट्रीची प्रत मागावी. तिच्यात धरलेली किंमत आणि कर दोन्ही असतात. आकारणी चुकीची वाटली तर कस्टमच्या अपील आयुक्तांकडे ६० दिवसांत अपील करता येते. कंपनीच्या फीबद्दलची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर नोंदवावी. अशा पावत्यांच्या प्रती, खातेक्रमांक आणि पत्ता खोडून, आपापल्या शाखा सचिवांकडे द्याव्यात. पावत्या पुरेशा जमल्या म्हणजे निवेदनाला जोडता येतील.