काटकसर आणि कृपणता

काटकसर आणि कृपणता बाहेरून सारख्याच दिसतात. परंतु एक गुण आहे, तर दुसरा दोष. घरात इंटरनेट खेळविणारा चिमुकला राउटर हा या भेदाचा उत्तम वस्तुपाठ होय.

राउटर हाही एक संगणकच; मात्र त्याचे सारे सॉफ्टवेअर फ्लॅश नावाच्या इवल्याशा स्मृतिकोशात मावावे लागते. २००२ च्या अखेरीस अमेरिकेतील लिंक्सिस कंपनीने आणलेल्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरात ही जागा अवघी ४ मेगाबाइट होती. आज मोबाइलवर काढलेले एक छायाचित्रही कित्येकदा तेवढी जागा अडविते! त्यातील लिनक्सवर आधारलेले सॉफ्टवेअर २००३ मध्ये खुले झाले आणि २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प सुरू झाला.

त्या मंडळींची काटकसर पाहण्याजोगी आहे. अनेक छोट्या आज्ञांसाठी वेगवेगळे प्रोग्राम न ठेवता त्यांनी बिझीबॉक्स या एकाच प्रोग्रामवर भागविले. मूळ प्रणाली दाबून, केवळ वाचण्यापुरती ठेवली. मालकाने केलेले बदल उरलेल्या जागेत निराळे लिहिले. त्यामुळे बदल फसले तरी मूळ प्रत शाबूत राहते. जागेच्या टंचाईने येथे बुद्धीला धार आणली.

याउलट २००५ मध्ये कंपनीने त्याच राउटराच्या पाचव्या आवृत्तीत फ्लॅश ४ वरून २ मेगाबाइटवर आणली, रॅमही निम्मी केली आणि लिनक्सला रजा दिली. जुन्या धर्तीचे यंत्र मग निराळ्या नावाने विकावे लागले.

कोणी म्हणेल, स्वस्त यंत्र गरिबाच्या घरी पोचते, हे काय थोडे झाले? आक्षेप रास्त आहे. परंतु सॉफ्टवेअरमधील सुरक्षेची छिद्रे यंत्र विकल्यानंतरही उघडकीस येत राहतात, आणि ती बुजविण्यास जागा लागते. लिनक्सचा गाभाही वर्षानुवर्षे वाढत गेला. ओपनडब्ल्यूआरटीच्या नव्या आवृत्त्या आज ४ मेगाबाइटच्या यंत्रांसाठी निघत नाहीत. धडधाकट यंत्र केवळ स्मृतीअभावी एक तर कचऱ्यात जाते, नाही तर असुरक्षित अवस्थेत घरात राबते. आरंभी वाचलेले चार पैसे गरिबालाच पुढे दामदुपटीने भरावे लागतात.

म्हणून, विद्यार्थी मित्रहो, राउटर घेताना केवळ त्याचा वेग आणि त्याच्या अँटेना पाहू नका. फ्लॅश किती, रॅम किती आणि सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे मिळणार, हेही विचारा. थोडक्यात भागविणे ही कला आहे. पण उद्यासाठी तसूभरही जागा न ठेवणे, ही निव्वळ कृपणता होय.