महाकाली गुंफा रस्त्यावरचा धडा

२१ मार्च २०२१, रविवारची पहाट. अंधेरी पूर्वेला महाकाली गुंफा रस्त्यावर असलेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या मुख्यालयावर ‘सायनॅक’ या खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला. सर्व्हरवरच्या फायली कुलूपबंद झाल्या, त्या सोडवायच्या तर पैसे मोजा असा निरोप आला आणि मुख्यालयासह राज्यातल्या १६ प्रादेशिक कार्यालयांचे संगणक बंद करावे लागले. राज्यभरातल्या कारखान्यांचे भूखंड, भाडेपट्टे, बांधकाम परवानग्या ज्याच्या दप्तरी आहेत, त्या महामंडळाचा कारभार एका रात्रीत अडकला. बॅकअप नेटवर्कच्या वेगळ्या भागात होता, त्याला संसर्ग झालेला नाही, असे महामंडळाने तेव्हा जाहीर केले. माहिती परत मिळणे त्या एका बॅकअपवर अवलंबून होते.

असा धडा त्याआधीही मिळाला होता. २०१७ च्या जूनमध्ये ‘नॉटपेट्या’ या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीला ग्रासले आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या तिच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. साऱ्या नेटवर्कची किल्ली असलेल्या माहितीची एकच प्रत जगात शाबूत राहिली, तीही घानातल्या कार्यालयात. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून! एवढी बलाढ्य कंपनी नशिबाने सावरली. आपल्या संस्थांनी असल्या योगायोगाच्या भरवशावर राहू नये.

या हल्ल्यांची वेळही पाहा. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये ऑगस्ट २०१८ मध्ये लुटले गेले. त्यातली बहुतेक रक्कम ११ तारखेच्या शनिवारी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून काढली गेली. महामंडळावरचा घाला रविवार पहाटेचा. कार्यालयात माणूस नाही, साहेब गावी, असा मुहूर्त चोर हेरतात. म्हणून सुट्टीच्या रात्री फोन कोणी उचलायचा, यंत्रणा बंद करण्याचा अधिकार कोणाला, हे संचालक मंडळाने आधीच लिहून ठेवले पाहिजे. आयटी विभागातल्या कनिष्ठ अभियंत्यावर हे सोडून देणे म्हणजे जबाबदारी झटकणेच.

उपनगरांत तर अनेक ठिकाणी तो अभियंताही नसतो. मरोळ-साकीनाक्याचे गाळे, मुलुंडच्या पॅथॉलॉजी लॅब, बोरिवलीचे क्लासेस, घाटकोपरच्या पतपेढ्या, शिवाय प्रत्येक गृहनिर्माण सोसायटीचे कार्यालय. आधारच्या प्रती, रक्ताचे अहवाल, खातेदारांच्या सह्या या साऱ्यांकडे आहेत. पासवर्ड मात्र चौघांत एक, आणि नोकरी सोडून गेलेल्याचे लॉगिन तसेच चालू. बॅकअपची हार्ड डिस्क त्याच संगणकाला कायमची जोडलेली, म्हणजे व्हायरस आला की दोन्ही एकदमच जाणार. हे दुरुस्त करायला फारसा पैसा लागत नाही. डिस्क काढून दुसरीकडे ठेवावी आणि तीन महिन्यांतून एकदा तिच्यावरून सगळी माहिती खरोखर परत उभी करून पाहावी. हा सराव न केलेला बॅकअप ऐनवेळी उघडेल, याची खात्री कोणी देऊ नये.

कायदा आता कडक आहे. सायबर हल्ल्याची खबर सहा तासांत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय सायबर सुरक्षा यंत्रणेला देण्याचे बंधन २०२२ पासून आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची योग्य काळजी न घेणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, आणि ज्यांची माहिती फुटली त्यांना ते कळवणेही त्यात आले. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची सवड आहे. ही सवड वाया जाऊ देता कामा नये. पतपेढ्यांच्या लेखापरीक्षणात बॅकअपच्या सरावाची नोंद सहकार खात्याने सक्तीची करावी. ज्या महामंडळाने हे संकट स्वतः सोसले, त्याने त्या रात्रीचा अनुभव, चुकांसह, लेखी मांडावा आणि लहान उद्योजकांसाठी सरावाचे वर्ग आपल्या अंधेरीच्या मुख्यालयातच सुरू करावेत.