भग्न भिंतींची छायाचित्रे

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात मी शनिवारवाड्याच्या उघड्या जोत्यांचे एक जुने छायाचित्र दाखविले आणि त्याखाली एक ओळ लिहावयास सांगितले. बहुतेक वह्यांत एकच उत्तर होते : इंग्रजांनी युद्धात उद्ध्वस्त केलेला पेशव्यांचा वाडा. उत्तर भावनेला धरून होते, इतिहासाला नव्हे. वाडा इंग्रजांच्या हाती गेला तो १८१७ मध्ये, धडधाकट. जळाला तो १८२८ च्या फेब्रुवारीत, आणि त्या आगीच्या कारणाचा उलगडा झाला नाही.

रायगडाची कथा याच्या उलट. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, राजवाड्याने पेट घेतला आणि १० मे रोजी गड पडला. येथे युद्ध होते, परंतु छायाचित्र नव्हते. ती कला जगापुढे आली १८३९ साली. आज आपण पाहतो ती चित्रे लाकूडकाम जळून गेल्यावर उरलेल्या दगडांची, आणि त्यांवरून गेलेल्या असंख्य पावसाळ्यांचीही. आमच्या कोंकणी मुलखात घरामागची धड भिंत चार पावसाळ्यांत मातीला मिळते. तेथे शत्रू लागत नाही!

लखनौच्या सिकंदरबागेत १६ नोव्हेंबर १८५७ रोजी सुमारे २,००० बंडवाले शिपाई मारले गेले. फेलिचे बिआतो हा छायाचित्रकार तेथे पोहोचला काही महिन्यांनी, १८५८ मध्ये. तरीही त्याच्या चित्रात फुटक्या इमारतीपुढे हाडे विखुरलेली दिसतात. ती चित्रासाठी मुद्दाम उघडी केली गेली, असे अनेक अभ्यासक मानतात. त्या काळच्या इंग्रज प्रेक्षकास ती सूड पुरा झाल्याची खूण वाटली असेल. आपणांस तीच हौतात्म्याची वाटते. भिंत मात्र एकच.

एका सहकाऱ्यांनी मला विचारले, "अशा उलटतपासणीने मुलांचा अभिमान कशाला दुखवावा?" माझे मत निराळे आहे. तोफांनी खरोखर जळालेल्या रायगडाच्या पंक्तीस आपण प्रत्येक पडकी भिंत बसवू लागलो, तर उणेपणा येतो तो रायगडालाच. पडक्या भिंतीला प्रतीक अवश्य मानावे. पण चित्र केव्हा घेतले, कोणी घेतले, कोणासाठी घेतले, हे आधी विचारावे.

कोसाडपासून सुरतेचा किल्ला दूर नाही. सहामाहीनंतर आम्ही तेथे जाणार आहोत. चित्रे मोबाइलवर काढली तरी चालतील. प्रत्येकाखाली तारीख आणि काढणाऱ्याचे नाव हवे, ही अट मी आताच घालून ठेवली आहे.