मोरोक्को आणि ब्राझील : सौद्यात वरचढ कोण?

दोन देशांमधील व्यापाराचा विचार करताना, आकाराने मोठा देश हाच बलवान पक्ष असे गृहीत धरण्याची आपल्याला सवय आहे. मोरोक्को आणि ब्राझील यांच्या संबंधांकडे पाहिले, की हे गृहीतक डळमळते.

या दोन किनाऱ्यांचे नाते जुने आहे. 1769 मध्ये पोर्तुगीजांनी मोरोक्कोतील माझागान हे तटबंदीचे ठाणे सोडले, तेव्हा तेथील कुटुंबे पुढे अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात नेऊन वसविण्यात आली आणि त्या वसाहतीलाही माझागानचेच नाव मिळाले. माझागान म्हणजे आजचे एल जदिदा. त्याच्या दक्षिणेस जवळच जॉर्फ लास्फर हे बंदर असून आजच्या व्यवहाराचे मर्म तेथेच आहे.

जगातील ज्ञात फॉस्फेट साठ्यांपैकी सुमारे 70 टक्के साठे मोरोक्कोच्या ताब्यात असल्याचे मानले जाते. 1920 मध्ये स्थापन झालेला ओसीपी हा सरकारी उद्योगसमूह त्या खडकापासून जॉर्फ लास्फर येथे आम्ल व खते तयार करतो. इकडे ब्राझीलमधील सेर्राडो पठाराची माती आम्लधर्मी आणि लोह-अ‍ॅल्युमिनियमयुक्त आहे. ती स्फुरद जखडून ठेवते. भरपूर खत घातल्याविना तेथे सोयाबीनचे किफायतशीर पीक येत नाही. आणि ब्राझील आपल्या गरजेची सुमारे 85 टक्के खते आयात करतो! उलट दिशेने जाते ती मुख्यतः कच्ची साखर आणि मका. साखरेला अन्य विक्रेते सापडतात, फॉस्फेटला मोजकेच. कर्जप्रस्तावात कच्च्या मालाचे पुरवठादार इतके थोडे आढळले, तर आम्ही बँक अधिकारी चार प्रश्न अधिक विचारतो.

राजनैतिक सौजन्यात उणीव नाही. राजे मोहम्मद सहावे 2004 मध्ये ब्राझीलच्या भेटीवर गेले होते. 2019 मध्ये गुंतवणूक सहकार्याचा करारही झाला. तरीही युक्रेन युद्धामुळे खतांची टंचाई भासू लागताच, मे 2022 मध्ये ब्राझीलच्या कृषिमंत्र्यांना खतासाठी मोरोक्कोचा दौरा करावा लागला.

माझ्या मते खरी चूक त्याआधीची आहे. जॉर्फ लास्फर येथील एका प्रकल्पात बंज या बहुराष्ट्रीय कंपनीचा निम्मा वाटा होता आणि तेथील माल तिच्या ब्राझीलमधील खत व्यवसायासाठी जात असे. 2013 मध्ये तो वाटा ओसीपीने विकत घेतला. ब्राझीलमधील कोणीही तो घेण्यास पुढे आले नाही, हे अदूरदर्शीपणाचे वाटते. त्याच परिसरातील इमासिड या आम्ल प्रकल्पात ओसीपीबरोबर भारतीय कंपन्या भागीदार आहेत. कारखान्यात मालकी असणारा ग्राहक टंचाईच्या काळात निव्वळ खरेदीदारापेक्षा अधिक अधिकाराने बोलू शकतो. ओसीपीने मात्र ब्राझीलमध्ये स्वतःची उपकंपनी काढली आहे.

मार्च 2022 मध्ये ब्राझीलने राष्ट्रीय खत योजना जाहीर केली. आयातीचे प्रमाण 2050 पर्यंत जवळपास निम्म्यावर आणण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. तोवर सेर्राडोतील सोयाबीनची पेरणी दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होणारच आहे आणि त्याच्या कितीतरी आधी जॉर्फ लास्फरहून जहाजे निघावी लागणार आहेत.