नीतिपाठ कोणास देतां?

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें तीन वर्षांच्या पोरापासून नीतिशिक्षण धरलें आहे. ठीक झालें. तेव्हांपासून छत्रपती संभाजीनगरच्या झोपडपट्ट्यांत व पैठण-गंगापुराकडील मजुरांच्या वस्त्यांत मूल्यें पेरावीं, असें शहाणे लोक सांगत सुटले आहेत. पेरा बापहो! पण ज्या घरांत एक भाकर चौघांत मोडते, तेथें वांटून खाण्याचा पाठ देणारे तुम्ही कोण?

पोर भिंतीवरच्या सुविचारानें शिकत नाहीं. कोणाचें पोर ताईजवळ बसतें व कोणाचें दाराशीं, पाणी एकाच भांड्यांतून मिळतें कीं नाहीं, हांक नांवानें मारतात कीं जातीनें, हें तें पाहतें. त्याची नीति तीच. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं 1945 सालीं बोर्डी गांवीं काम मांडलें, तेव्हां गरिबाचें मूल शाळेंत येईना, तर शाळाच त्याच्या अंगणांत नेली. मूल बिघडलें आहे असें त्यांनीं म्हटलें नाहीं.

आतां सरकारची नीति पाहा. अंगणवाडीची योजना 1975 पासून चालू. पण 2009 च्या कायद्याचा शिक्षणहक्क सहाव्या वर्षीं उगवतो. त्याखालच्या पोरांसाठीं राज्यघटनेंत राज्याचा केवळ ‘प्रयत्न’ आहे! आणि श्रमाची प्रतिष्ठा जिनें शिकवावयाची, त्या ताईच्या श्रमास वेतन म्हणावयाचें नाहीं, मानधन म्हणावयाचें. डिसेंबर 2023 मध्यें राज्यभरच्या सेविकांस त्यासाठीं संप करावा लागला.

बंधूंनो, भगिनींनो, उद्यां पोर पोंचवून दारांतूनच परतूं नका. आंत जा, त्याला कोठें बसविलें आहे तें पाहून या.